तुटक वाक्ये जोडायची कशी आणि कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तुम्ही एक लेख लिहून दिवाळी अंकासाठी पाठवला आणि "मजकूर चांगला आहे, पण वाक्ये तुटक आहेत" असा शेरा मारून संपादकांनी तो परत केला. कोणीतरी तुम्हाला लहान वाक्ये जोडून मोठी करण्याचा सराव सुचवला आहे. त्याने लेखनशैली खरोखर सुधारते का, आणि सुधारत असेल तर तो सराव नेमका कसा करावा, हे तुम्हाला हवे आहे. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर पुस्तकांच्या संपादनाचे काम करते आहे. या दोन्ही कामांत मी हा सराव विद्यार्थ्यांकडून, नवोदित लेखकांकडून आणि स्वतःकडूनही करून घेत आले आहे. शैली त्याने निश्चित सुधारते. मात्र दोन वाक्यांच्या मध्ये 'आणि' घालत जाण्याला कोणी जोडणे म्हणत असेल, तर त्याने काहीही सुधारणार नाही. यातली मुख्य गोष्ट कोणती आणि तिच्या आधाराने सांगायची कोणती, हे ठरवण्याची सवय लागणे हा या सरावाचा खरा लाभ आहे, आणि पुढचे सगळे मी त्याच एका दृष्टीने लिहिते आहे.

शाळेत हा प्रकार आपण सर्वांनी केलेला असतो. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला वाक्यसंकलन म्हणतात, काही ठिकाणी वाक्यसंश्लेषण. 'पाऊस पडला. शेतकरी आनंदले.' अशी दोन वाक्ये द्यायची आणि त्यांचे केवल, संयुक्त किंवा मिश्र वाक्य करायला सांगायचे, हा प्रश्न परीक्षेत हमखास असे. त्या प्रश्नाने वाक्यांचे प्रकार ओळखता आले, लेखन मात्र फारसे सुधारले नाही, आणि त्याची कारणे मला वर्गात शिकवतानाच हळूहळू कळत गेली. तिथे वाक्ये दोनच असतात, त्यांना मागचापुढचा संदर्भ नसतो, आणि उत्तर एकच बरोबर धरले जाते. लेखकाला मात्र एकाच मजकुराची चार बरोबर उत्तरे समोर दिसत असतात आणि त्यातले एक निवडायचे असते. निवड नसेल तर तो शैलीचा सराव होत नाही.

हा सराव शैलीसाठी उपयोगी पडतो, याचा अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत आणि इंग्रजी लेखनावर झाला. केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये चौथी, आठवी आणि बारावीच्या मुलांचे लेखन तपासून दाखवले की वय वाढते तशी मुले एकाच मुख्य विधानाच्या पोटात अधिक गोष्टी बसवू लागतात. जॉन मेलन यांनी १९६९ मध्ये वाक्ये जोडण्याचे पाठ व्याकरणाच्या परिभाषेसह दिले. फ्रँक ओहेअर यांनी १९७३ मध्ये ती परिभाषा पूर्ण काढून टाकून सातवीच्या मुलांना नुसता सराव दिला, तरीही त्यांचे लेखन सुधारले. पुढे २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. सराव केलेल्या आणि न केलेल्या मुलांच्या लेखनातला फरक मोजण्याच्या संख्याशास्त्रीय मापाने त्यात वाक्ये जोडण्याच्या सरावाचा परिणाम मध्यम पण स्पष्ट, म्हणजे ०.५० इतका आढळला, तर सुटे व्याकरण शिकवण्याचा परिणाम उलट दिशेने, उणे ०.३२ इतका निघाला. व्याकरणाची शिक्षक म्हणून हा दुसरा आकडा मला कडू लागला, पण माझ्या वर्गातल्या अनुभवाशी तो जुळतो. हे सगळे प्रयोग इंग्रजीचे आहेत, हे मात्र विसरू नये. त्यांच्याकडून तत्त्व घ्यावे आणि साधने आपल्या भाषेची वापरावीत, कारण मराठीत वाक्य जोडले जाते ते मुख्यतः क्रियापदाच्या रूपांनी, आणि मुख्य क्रियापद येते वाक्याच्या शेवटी.

तुम्ही पाठवलेला परिच्छेदच घेऊ. 'आजोबांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकान रास्ता पेठेत होते. ते अगदी लहान होते. आजोबा सकाळी सातला दुकान उघडत. पंक्चर काढताना ते कोणाशी बोलत नसत. त्यांचे लक्ष घमेल्यातल्या पाण्याकडे असे. ते ट्यूब पाण्यात बुडवत. बुडबुडे येत. आजोबा त्या जागी पेन्सिलीने खूण करत. ते हसत.'

यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण दहाही वाक्ये एकाच उंचीची आहेत. दुकान रास्ता पेठेत असणे आणि आजोबांचे हसणे, या दोन गोष्टींना तुम्ही सारखीच जागा आणि सारखाच पूर्णविराम दिला आहे. संपादकांना जी तुटकता जाणवली ती वाक्यांच्या लांबीची नाही, या सपाटपणाची आहे. लहान वाक्य हा दोष असता तर लक्ष्मीबाई टिळकांचे गद्य इतक्या पिढ्यांनी जिव्हाळ्याने वाचले नसते. त्यांची वाक्ये कितीदा तरी चार-पाच शब्दांची असतात, पण प्रत्येक वाक्य मागच्याला धरून येते.

पहिली तीन वाक्ये एकाच माहितीचे तीन तुकडे आहेत. त्यांचे 'रास्ता पेठेत आजोबांचे सायकल दुरुस्तीचे अगदी लहान दुकान होते' असे एक वाक्य सहज होते आणि 'दुकान' हा शब्द दोनदा लिहिण्याचे कारण उरत नाही. इथे थांबण्यासारखे काही नाही. विचार करायला लावणारी जागा पाचव्या आणि सहाव्या वाक्यात आहे. ती दोन वाक्ये मी तीन प्रकारे जोडून दाखवते.

'पंक्चर काढताना आजोबा कोणाशी बोलत नसत, कारण त्यांचे सगळे लक्ष घमेल्यातल्या पाण्याकडे असे.'

'पंक्चर काढताना आजोबांचे लक्ष घमेल्यातल्या पाण्याकडे असे लागलेले असे की ते कोणाशी बोलत नसत.'

'कोणाशीही न बोलता, घमेल्यातल्या पाण्यावर नजर ठेवून आजोबा पंक्चर काढत.'

पहिल्या वाक्यात आजोबांचा अबोलपणा मुख्य आहे आणि त्याचे कारण मागाहून दिले आहे. वाचणाऱ्याला आजोबा आधी तुसडे वाटतील आणि मग तो गैरसमज दूर होईल. दुसऱ्या वाक्यात एकाग्रता मुख्य आहे आणि अबोलपणा हे तिचे माप आहे. तिसऱ्यात दोन्ही गोष्टी काम करण्याच्या रीतीत विरघळल्या आहेत आणि उरले आहे ते काम करणारे आजोबा. व्याकरणाने तिन्ही वाक्ये निर्दोष आहेत. तुमच्या लेखातले आजोबा कोणते, यावर निवड ठरेल. लेखाच्या पुढच्या भागात ते गिऱ्हाइकांशी गप्पा मारताना दिसतात, म्हणून मला पहिले वाक्य अधिक योग्य वाटते. गप्पिष्ट माणूस पंक्चर काढताना गप्प होतो, यात सांगण्यासारखे काही आहे.

आता साधनांकडे वळते. 'आणि'बद्दल माझी तक्रार एवढीच आहे की तो संबंध सांगत नाही, दोन गोष्टी नुसत्या शेजारी आणून बसवतो. 'पाऊस आला आणि सामना थांबला' हे बोलण्यात चालते, पण लिहिताना 'पाऊस आल्यामुळे', 'पाऊस येताच' किंवा 'पाऊस येऊन गेल्यावरही' यांपैकी तुम्हाला काय म्हणायचे आहे हे ठरवावे लागते. 'पण'च्या बाबतीत क्रम महत्त्वाचा असतो. 'खोली लहान आहे, पण उजेड भरपूर आहे' असे घरमालक म्हणेल. 'उजेड भरपूर आहे, पण खोली लहान आहे' असे खोली न आवडलेला भाडेकरू म्हणेल. माहिती तीच असली तरी 'पण'च्या नंतर आलेला भाग वाचणाऱ्याच्या मनात राहतो. तोच पहिला भाग 'खोली लहान असली तरी' असा केला, तर तो आणखी एक पायरी खाली उतरतो. 'पण' आणि 'असली तरी' यांत असलेला हा पायरीचा फरक कानाला ओळखू येऊ लागला की या सरावाचा पहिला टप्पा झाला असे समजावे.

मराठीचे सगळ्यांत कामाचे साधन म्हणजे धातुसाधिते : 'करून', 'करताना', 'करताच', 'केल्यावर', 'केल्यामुळे', 'करणारा', 'केलेला', 'करण्यासाठी'. इंग्रजीत ज्यासाठी वेगळे शब्द आणि वेगळी उपवाक्ये लागतात, ते काम आपल्याकडे क्रियापदाचा नुसता प्रत्यय करतो. पण याच ठिकाणी नव्या लेखकांच्या हातून सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

'ऊन' लावलेल्या रूपाला स्वतःचा कर्ता नसतो. ते रूप मुख्य क्रियापदाचा कर्ता उसना घेते. 'दार उघडून मांजर बाहेर पळाले' असे लिहिले, तर दार मांजराने उघडले असा अर्थ होतो. दार दुसऱ्या कोणी उघडले असेल तर 'दार उघडताच मांजर बाहेर पळाले' असे लिहावे लागते, कारण 'ताच', 'ताना' आणि 'ल्यावर' या रूपांना वेगळा कर्ता चालतो. म्हणूनच 'मी घरी पोहोचून पाऊस सुरू झाला' हे वाक्य कानाला खटकते आणि 'मी घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला' हे खटकत नाही. याला अपवाद आहे, आणि तो नियमाइतकाच शिकण्यासारखा आहे. 'अपघात होऊन दोघे जखमी झाले', 'पाऊस पडून रस्ते निसरडे झाले' ही वाक्ये आपण सहज लिहितो, कारण इथे पहिली गोष्ट कोणी केलेली नाही, ती घडलेली आहे, आणि दुसरी तिच्यातूनच निघाली आहे. कोणी हेतूने केलेली कृती असेल तर मात्र 'ऊन'चा कर्ता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी अडचण 'ने'ची. 'त्याने पिशवी ठेवली. तो निघून गेला.' ही वाक्ये जोडताना कितीतरी जण 'त्याने पिशवी ठेवून निघून गेला' असे लिहितात. वाक्यातले शेवटचे क्रियापद आता 'गेला' आहे, आणि कर्त्याचे रूप तेच ठरवते. म्हणून 'तो पिशवी ठेवून निघून गेला' असे व्हायला हवे. उलट क्रमाने जोडले तर 'त्याने येऊन पिशवी ठेवली' असे होईल. वाक्य लांब होत जाते तसा कर्ता आणि शेवटचे क्रियापद यांच्यातले अंतर वाढते आणि ही चूक नजरेतून निसटते. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत ती अनुभवी लेखकांच्याही वाक्यांत सापडते. सोपा उपाय असा की जोडलेले वाक्य लिहून झाल्यावर मधला सगळा मजकूर हाताने झाकावा आणि कर्ता व शेवटचे क्रियापद एवढेच वाचावे.

'जो' आणि 'तो' यांच्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. 'माझ्या मावशीने, जी नागपूरला राहते, मला ही पेटी दिली' अशी वाक्ये हल्ली भाषांतरांतून फार दिसतात. वाक्याच्या मध्येच असे उपवाक्य खोचणे मराठीच्या चालीला मानवत नाही. 'नागपूरला राहणाऱ्या माझ्या मावशीने मला ही पेटी दिली' ही आपली रीत आहे. विशेषण फार लांबत असेल तर 'जी मावशी नागपूरला राहते, तिने मला ही पेटी दिली' असे 'जी' पुढे आणून 'तिने'ने बांधावे. 'लेला' आणि 'णारा' यांचाही अतिरेक होतो. 'काल मंडईतून आणलेल्या, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या आणि सकाळी निवडून धुतलेल्या मेथीची भाजी' असे लिहिले की नामापर्यंत पोहोचता पोहोचता वाचणारा थकतो. एका नामामागे अशी दोन विशेषणे मी चालू देते. तिसरे आले की वाक्य तोडते.

जोडताना आणखी एक धोका असतो आणि तो शैलीपलीकडचा आहे. तो दाखवण्यासाठी पुण्यातल्या माणसाला ठाऊक असलेला मजकूर मी वर्गात नेहमी देत असे. 'पानशेतचे धरण फुटले. ते १२ जुलै १९६१ रोजी फुटले. धरणाचे काम पूर्ण झालेले नव्हते. पाण्याचा लोंढा खडकवासल्याच्या धरणावर आला. तेही धरण फुटले. पूर पुण्यात शिरला. नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.' वर्गातली निम्मी मुले पहिली तीन वाक्ये अशी जोडत : 'धरणाचे काम पूर्ण झालेले नसल्यामुळे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले.' वाक्य सफाईदार आहे. पण दिलेल्या मजकुरात 'मुळे' कुठेही नाही. काम अपुरे होते आणि धरण फुटले, एवढेच तिथे आहे. कारण सांगण्याची जबाबदारी जोडणाऱ्याने आपल्या अंगावर घेतली आणि ते त्याच्या लक्षातही आले नाही. 'काम पूर्ण होण्यापूर्वीच पानशेतचे धरण फुटले' असे लिहिले तर फक्त काळ सांगितला जातो. बातमी, अहवाल, अर्ज किंवा इतिहास लिहिणाऱ्याने 'मुळे', 'म्हणून' आणि 'कारण' हे शब्द हातात घेताना आपल्याजवळ त्यासाठी आधार आहे का, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे.

त्याच मजकुराची पुढची वाक्ये जोडताना एक वेगळी गोष्ट हाती लागते. 'लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटून पूर पुण्यात शिरला आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या' असे सलग वाक्य करता येते. पण एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने असे लिहिले : 'काम पूर्ण होण्यापूर्वीच पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. पूर पुण्यात शिरला.' मी तिला विचारले की शेवटचे तीन शब्द तू का जोडले नाहीस. ती म्हणाली, "बाई, आमच्या आजीचे घर शनिवार पेठेत होते. ती नेहमी इथेच थांबते." त्या मुलीला मी शैलीबद्दल आणखी काही शिकवावे असे मला वाटले नाही. आधी लांब, बांधलेले वाक्य आले म्हणूनच त्या तीन शब्दांना वजन आले. सगळीच वाक्ये तीन शब्दांची असती तर ते हरवले असते. न जोडण्याचा निर्णयही याच सरावातून येतो, आणि जोडता येत असताना तो घेतला तरच त्याला अर्थ असतो.

सरावाची रीत मी सांगते ती माझ्या घरच्या टेबलावर बसवलेली आहे. पाठकोरे कागद घ्यावेत, त्यांच्या लांब पट्ट्या कापाव्यात आणि एकेका पट्टीवर एकेक लहान वाक्य लिहावे. सहा ते आठ पट्ट्या पुरेत. मग त्या टेबलावर पसरून हलवाव्यात : कोणती वर, कोणती तिच्या खाली सरकवायची, कोणती बाजूला एकटी ठेवायची. संगणकावर शब्द इकडून तिकडे नेणे सोपे आहे, पण पट्टी हातात धरून 'ही मुख्य की ही' असे ठरवताना मन वेगळ्या रीतीने काम करते, असा माझा अनुभव आहे. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ निवृत्तीनंतर आठवणी लिहायला शिकण्यासाठी माझ्याकडे येत. ते दोन पट्ट्या हातात घेऊन पाच-पाच मिनिटे नुसते बसत आणि मग एक खाली ठेवत. सहा आठवड्यांनी त्यांनी आणलेल्या प्रकरणात मला हात लावायला फार थोड्या जागा सापडल्या.

पट्ट्या मांडून झाल्या की त्याच मजकुराचे कमीत कमी तीन वेगळे परिच्छेद लिहावेत. तीनही मोठ्याने वाचावेत; मनात वाचून चालत नाही, कारण डोळा जिथून सहज पुढे जातो तिथे श्वास अडतो, आणि श्वास अडतो तिथे वाक्यात काहीतरी चुकलेले असते. त्यातला एक निवडावा आणि तो का निवडला हे एका ओळीत खाली लिहून ठेवावे. लोक बाकीचे सगळे करतात आणि ही ओळ टाळतात. माझ्या मते सगळ्या सरावात तीच सर्वांत मोलाची आहे. निवडीचे कारण लिहिण्याची सक्ती नसेल तर माणूस सर्वांत लांब किंवा सर्वांत भारदस्त वाक्य निवडून मोकळा होतो.

दुसरी रीत उलटी आहे. आवडत्या लेखकाचा एखादा परिच्छेद घ्यावा, तो लहान लहान वाक्यांत मोडावा, आणि दोन-तीन दिवस मूळ पुस्तक बंद ठेवून मग ती वाक्ये स्वतः जोडावीत. नंतर मूळ उघडून ताडून पाहावे. यासाठी लांब वाक्याचा लेखक हवा असेल तर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्याइतका चांगला गुरू नाही. १८७४ मध्ये पुण्यात त्यांनी सुरू केलेल्या निबंधमालेतली वाक्ये आज तशीच्या तशी कोणी लिहू नयेत, पण एका वाक्यात चार-पाच विधाने घालूनही मुख्य विधान हातचे सुटू न देण्याची त्यांची पकड मोडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आपले वाक्य मूळच्या वाक्यापेक्षा वेगळे झाले म्हणजे चुकले असे मानू नये. वेगळे कुठे झाले आणि त्याने अर्थ कसा बदलला, एवढेच पाहावे.

विरामचिन्हांबद्दल थोडेसे. मराठीत ती एकोणिसाव्या शतकात कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी रुळली. त्याआधीच्या मोडीतल्या बखरी आणि पत्रे यांत स्वल्पविराम नव्हता, आणि तरीही ती वाक्ये वाचता येत, कारण 'ऊन', 'तां' आणि शेवटचे क्रियापद एवढ्यांवर वाक्य उभे असे. यावरून मी एक कसोटी करून ठेवली आहे. जोडलेल्या वाक्यातले सगळे स्वल्पविराम काढून ते एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्यावे. त्याला अर्थ लागला तर जोड पक्की आहे, आणि अडखळला तर जोड प्रत्ययांनी झालेली नसून नुसती चिन्हांनी रेटलेली आहे असे समजावे. तपासून झाल्यावर स्वल्पविराम अर्थातच परत घालावेत.

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, एका बैठकीत तासभर करू नये. पहिल्या तीन-चार आठवड्यांत तुमचे लेखन आहे त्याहून जड होईल, वाक्ये विनाकारण लांबतील आणि 'ऊन'ची माळ लागेल. त्याने घाबरून जाऊन सराव सोडू नये. नवे अवजार हाती आले की माणूस ते सगळीकडे वापरून पाहतो आणि मग त्याची जागा त्याला कळते. फक्त पहिला खर्डा लिहिताना जोडण्याचा विचार अजिबात करू नका. तेव्हा वाक्ये तुटक आली तर येऊ द्यावीत. जोडायचे ते दुसऱ्या खर्ड्यात, लेख चार दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाचताना.

आता तुमच्या परिच्छेदाच्या शेवटच्या चार वाक्यांकडे परत येते, कारण ती मी मुद्दाम तशीच ठेवली आहेत. आजोबा ट्यूब पाण्यात बुडवत, बुडबुडे येत, ते खूण करत, ते हसत. 'पाण्यात बुडवलेल्या ट्यूबमधून बुडबुडे आले की आजोबा हसत आणि त्या जागी पेन्सिलीने खूण करत' असे जोडले, तर ते हसणे भोक सापडल्याचे आहे. 'बुडबुडे आले की त्या जागी पेन्सिलीने खूण करून आजोबा हसत' असे जोडले, तर ते हसणे काम हातावेगळे होत आल्याचे आहे, आणि बहुधा तेव्हा त्यांनी मान वर करून समोरच्याकडे पाहिलेले आहे. 'हसत हसत खूण करत' असे लिहिले तर तिसरेच काहीतरी होते. तुटक वाक्यांत हा प्रश्न लपून राहिला होता. जोडायला घेताच प्रत्यय तो विचारू लागले. माझ्याकडे याचे उत्तर नाही, कारण घमेल्याशेजारी उभे राहून पाहणारे तुम्ही होता. आजोबा आधी हसत की आधी खूण करत, आणि हसताना ते पाण्याकडे पाहत की तुमच्याकडे, ते नीट आठवून पाहा. मग ती चार वाक्ये तीन प्रकारे जोडून, प्रत्येकाखाली कारणाची एक ओळ लिहून मला पाठवा.